समुद्राचा भत्ता

डोंबिवली, कोपर रोड
१० नोव्हेंबर १९९१

मंजूताई,

साडी परत पाठवतेय. शेजारच्या जगनकाकांचं ठाण्याला कोर्टात काम आहे, त्यांच्याबरोबर पुडकं आणि ही चिठ्ठी देते. घडी मोडलेली नाही. म्हणजे मोडलीय, एकदाच. घरी आल्यावर आरशासमोर नुसती खांद्यावर टाकून बघितली. मोरपंखी मला शोभतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तर जास्त राग आला.

पाडव्याला तुमच्याकडे जेवता जेवता उठले ते मृणालचं पोट दुखत होतं म्हणून नाही. तिला काही झालं नव्हतं, बिचारी बासुंदीकडे बघत बघत निघाली. भावजी ह्यांच्याबद्दल म्हणाले ते मला लागलं. "महिपतला म्हणावं, डोंगरातली हवा चांगली असते, पण ती ताटात वाढता येत नाही." सगळे हसले. तूही हसलीस. लगेच पदराने तोंड पुसलंस, पण हसलीस. आणि मग दारात येऊन माझ्या हातात साडी कोंबलीस. त्या हसण्यानंतरची साडी मी कशी नेसू, ते तूच सांग.

आपल्या दोघींचे नवरे आर्मीत एकाच तुकडीत हेलिकॉप्टर चालवायला शिकले. एकाच वर्षी बाहेर पडले आणि एकाच कंपनीत लागले. माझं हे स्थळसुद्धा भावजींनीच आणलेलं, जिवाभावाचा मित्र म्हणून. पुढे कंपनीने भावजींना ठेवलं जुहूला, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं न्यायला-आणायला. ह्यांना पाठवलं आसामात दिब्रुगडला, तिथून अरुणाचलच्या डोंगरात उडायला. मूळ पगार दोघांचा सारखा. पण समुद्रावर उडणाऱ्याला वर भत्ता मिळतो, आणि तो धरला की तुमच्या घरात येणारा पैसा आमच्या दीडपट होतो. ह्यात भावजींचं कर्तृत्व काय आणि ह्यांची चूक काय?

पैशाचं एक वेळ सोडून देते. पण भावजी सकाळी जातात आणि संध्याकाळी घरी येतात. आमचे दीड महिना तिकडे, मग पंधरा दिवस इकडे, त्यातले चार गाडीत. म्हणजे जास्तीचा पगारही तुला आणि नवराही तुलाच. कंपनीने दोन्हीपैकी निदान एक तरी मला द्यायचं होतं.

साडी मिळाल्याचं जगनकाकांजवळ सांग. जास्त काही लिहू नकोस.

मालू


डोंबिवली
१९ जानेवारी १९९२

मंजूताई,

जास्त काही लिहू नकोस म्हटलेलं, तरी चार पानं लिहिलीस. साडी माझ्या नावाने कपाटात ठेवली आहेस म्हणतेस. ठेव.

काम आहे म्हणून लिहितेय, हे आधीच सांगते. उगाच चौकशा करून मग कामावर यायला मला जमत नाही.

जुहूला नवी मोठी हेलिकॉप्टर्स येणार आहेत आणि समुद्रावर उडायला आणखी पायलट घेणार आहेत, असं माझ्या कानावर आलंय. भावजी तिथे सिनियर आहेत. नावं काढताना साहेब त्यांना विचारतात, हे त्यांनीच एकदा जेवताना सांगितलेलं. तर ह्यांचं नाव सुचवा म्हणावं. बाकी काही नको. ह्यांना मात्र मी लिहिल्याचं कळू देऊ नका. ते कोणाकडे काही मागणाऱ्यांतले नाहीत, आणि त्यांच्या वतीने मी मागितलं तर महिनाभर बोलायचे नाहीत. तसेही ते कुठे बोलतात म्हणा.

मागे मी भावजींना विचारलेलं, समुद्रात धोका जास्त म्हणून भत्ता मिळतो का? माणूस थट्टेखोर असला तरी तेव्हा खरं बोलला. म्हणाले, "धोका डोंगरातच जास्त गं मालू. ढग खाली आले की दरीतून वाट शोधत यावं लागतं. पण समुद्रात आमचं गिऱ्हाईक तेलकंपनी आहे. तिकडे गिऱ्हाईक सरकार. पगार गिऱ्हाईक बघून ठरतो, धोका बघून नाही." हे ऐकल्यापासून मला एक वाईट सवय लागलीय. वर्गात शिकवताना आभाळात आवाज आला की पोरं खिडकीकडे धावतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

मागच्या खेपेला हे आले तेव्हा आमच्या घरी काय झालं ते सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मृणाल आतून आली आणि म्हणाली, "आई, ते उठले. त्यांना चहा हवाय." बाबा नाही म्हणाली, ते म्हणाली. ह्यांनी आतून ऐकलं असणार. चहा घेताना तिला जवळ बोलावलं, तर ती माझ्याकडे बघून मग गेली. तुझी मुलं भावजींच्या पाठीवर चढतात, खिशात हात घालतात. मी तुमच्याकडे कमी येते त्याचं कारण तुला वाटतं ते नाही. मला तुमचा सोफा आणि लिफ्ट बघवते. हे बघवत नाही.

काल टिटवाळ्याला जाऊन गणपतीला सांगून आले. आता तुला सांगतेय. दोघांपैकी कोणीतरी ऐकावं.

मालू


डोंबिवली
२२ मार्च १९९२

सौ. मंजुळाताईंस,

यादी लागली. तीन नावं आहेत. तिघेही ह्यांच्यापेक्षा ज्युनियर. त्यांतला एक तर ह्यांच्या हाताखाली शिकलेला आहे.

मी तुला काय मागितलं होतं? पैसे नाही, दागिना नाही. तुझ्या नवऱ्याच्या तोंडचं एक वाक्य मागितलं होतं. तेही तुमच्याकडून झालं नाही.

गेले आठ दिवस मी विचार करतेय आणि मला आता सगळं स्वच्छ दिसतंय. हे जुहूला आले असते तर भावजींच्या बरोबरीला बसले असते. मग पाडव्याला कोणाची थट्टा केली असती त्यांनी? आणि तू साडी कोणाला दिली असतीस? ताई, तुला मी बहीण म्हणून हवी आहे, पण दोन पायऱ्या खाली उभी असलेली. लहानपणीही तुझी जुनी दप्तरं मला मिळायची आणि वर आई म्हणायची, बघ, ताईने किती नीट वापरलंय. मी ते ऐकून घेत असे. आता मी चौतीस वर्षांची आहे.

मृणालची मुंज नाही, बारसं नाही, त्यामुळे इतक्यात तुम्हाला बोलवायचा काही प्रसंग नाही. ते एक बरं आहे.

मालती


डोंबिवली
३ मे १९९२

ताई,

तू शाळेत येऊन गेलीस त्याला आता बरेच दिवस झाले. तेव्हा मी तुझ्याशी धड बोलले नाही, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. मधली सुट्टी संपत आलेली, बाई लोक खोलीत बसलेल्या, आणि तू मला जिन्याखाली नेऊन हळू आवाजात सांगितलंस, की भावजींनी ह्यांचं नाव दोनदा सुचवलं. पहिल्यांदा मी लिहिण्याच्याही आधी. आणि दोन्ही वेळा ह्यांनी स्वतःच नको म्हणून कळवलं.

मी तुला खोटारडी म्हणाले. ते मागे घेते.

पण एक सांगू? हे सांगताना तू माझा हात धरलेलास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचाही राग आला. माझ्या नवऱ्याची गोष्ट माझ्याआधी तुझ्या घरात कळावी आणि तू ती मला सांभाळून, पुसून द्यावीस. त्या क्षणी वाटलं, हिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त नाही असं काही उरलंय का.

हे परवा आले. त्यांना जेवू दिलं. मृणालला खाली खेळायला पाठवलं आणि मग विचारलं. पाट पुसत पुसत विचारलं, म्हणजे तोंडाकडे बघावं लागणार नाही.

"तुम्हाला जुहूला बोलावलेलं?"

"दोनदा."

"मग?"

"मग काय. नको म्हटलं."

आवाजात काही लाज नाही, चोरी सापडल्यासारखं काही नाही. मला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू हो म्हणायला लावलं असतंस. मग ते बोलायला लागले. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. एक गाव आहे म्हणाले, मोटारीच्या रस्त्यापासून पाच दिवसांच्या चालीवर. पावसाळ्यात वाटच बंद होते. मग तिकडे मीठ, औषधं, मास्तरचा पगार, सगळं ह्यांच्या हेलिकॉप्टरमधून जातं. बाळंतपण अडलं तर बाई ह्यांच्याच मागच्या सीटवर आडवी घालून आणतात. आवाज आला की सगळं गाव शेतातून पळत येतं.

"तिथे मी उतरलो की गावाला मीठ मिळतं," ते म्हणाले. "समुद्रात उतरलो की शिफ्ट बदलते, एवढंच."

मी म्हटलं, "आणि डोंबिवलीत उतरलात की काय होतं, ते कधी बघितलंत?"

मी तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. मृणाल तुम्हाला काय म्हणते ते तुम्ही ऐकलंय, म्हटलं. त्या गावातली पोरं पळत येतात आणि तुमची स्वतःची आईकडे बघून मग जवळ येते. तुमच्या त्या गावाला मिठाचा भाव काय पडतो हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तो आम्ही दोघी भरतो.

दुसऱ्या दिवशी ते न सांगता जुहूला गेले. संध्याकाळी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "अर्ज दिला."

मला आनंद झाला. हे लपवत नाही. तुला सगळ्यांत आधी कळवावं असं वाटलं, म्हणून लिहितेय.

मालू


डोंबिवली
२६ सप्टेंबर १९९३

मंजूताई,

परवा गौरीच्या जेवणाला तुमच्याकडे आलो, छान वाटलं. तुझ्या घावन-घाटल्याची चव अजून जिभेवर आहे. तू विचारलंस, काय गं, आता तरी खूश ना? मी हो म्हटलं आणि विषय बदलला. तुझ्या ते लक्षात आलं, कारण जाताना तू पुन्हा विचारलंस. तिथे सांगता येण्यासारखं नव्हतं. इथे सांगते.

हे समुद्रावर उडायला लागून वर्ष होत आलं. फ्रिज घेतला, तो तू पाहिलासच. फोनला नंबर लावलाय. शाळेतल्या बाईंना मी आपणहून सांगते, ह्यांना आता समुद्राचा भत्ता मिळतो म्हणून. कोणी विचारलेलं नसतं. सकाळी कंपनीची जीप कोपऱ्यावर येते तेव्हा चाळीतल्या बायका नळावर असतात, आणि मी मुद्दाम गॅलरीत येते. इतक्या वर्षांचं उट्टं काढतेय म्हण.

संध्याकाळी हे घरी असतात. म्हणजे घरात असतात. जेवतात, पेपर घेऊन गॅलरीत खाडीकडे तोंड करून बसतात. आज काय झालं विचारलं की म्हणतात, "गेलो, आलो." उद्या विचारलं तरी तेच. रागावत नाहीत, कुरकुर करत नाहीत, मी सांगेन ते सामान आणतात. मृणाल आता बाबा म्हणते, अभ्यास घेऊन त्यांच्याजवळ बसते. तिची गणितं सोडवून देतात. पण तिने काही गंमत सांगितली की हसू जरा उशिरा येतं, कुठूनतरी लांबून आल्यासारखं.

परवा तुमच्याकडे आम्ही पानं घेत होतो तेव्हा भावजी कामावरून आले. जिन्यातूनच शीळ ऐकू आली. बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात शिरले, पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफेने बोट भाजलं, तू हातावर चापट मारलीस. दोन मिनिटांची गोष्ट. माझ्या हातात मिठाची वाटी होती, ती घेऊन मी तशीच उभी राहिले. हे बाहेर सोफ्यावर बसलेले, त्यांच्या कपड्यांना भावजींच्या कपड्यांसारखाच तेलाचा वास होता. दोघं एकाच समुद्रावरून आलेले.

ताई, आता आपला पगार सारखा आहे. मग ते झाकण उचलणं कुठल्या भत्त्यात येतं?

तू म्हणशील, हिला काही मिळालं तरी दुसऱ्याचंच हवं असतं. आई तसंच म्हणायची. खरं असेल. पण मी तुझ्यापासून काही लपवून ठेवण्यापलीकडे आलेय. पूर्वी मला तुझ्या पैशाचा हेवा वाटायचा तेव्हा निदान झोप लागायची, कारण त्याचा इलाज होता. अर्ज करता येत होता.

मालू


डोंबिवली
६ फेब्रुवारी १९९४

मंजूताई,

तुला भावजींकडून अर्धंमुर्धं कळलं असेलच. पण ह्या खेपेला माझ्या घरची गोष्ट तुला माझ्याकडूनच पुरी कळावी अशी माझी इच्छा आहे.

मागच्या महिन्यात विठ्ठल म्हणून एक मेकॅनिक घरी आला. दिब्रुगडला ह्यांच्याबरोबर पाच वर्षं होता, आता सुट्टीवर गावी चाललेला, साताऱ्याला. मी चहा केला, पोहे केले. मला वाटलं जुन्या आठवणी काढतील. पण हे काही विचारीनात आणि तो काही सांगेना. शेवटी मीच म्हटलं, कसं चाललंय तिकडे?

तो म्हणाला, "चाललंय कुठे वहिनी. मशीन ताडपत्री टाकून उभं आहे."

ह्यांच्या जागी पाठवलेला पायलट तीन महिन्यांत आजारी असल्याचं सांगून निघून आला. त्याच्यानंतरच्याला जुहूला जागा मिळाली. आता कंपनी ज्याला विचारेल तो म्हणतो, तेवढ्याच पगारात डोंगरात कशाला जायचं? समुद्राच्या रांगेत उभा राहतो. पावसाळा तसाच गेला. एकदाच लष्कराने सामान टाकलं म्हणे, त्यातलं निम्मं दरीत पडलं. मीठ संपलं म्हणून लोक सात-आठ जण मिळून पायी निघाले, ते पोचले. पण एक अडलेली बाई खाली आणताना वाटेतच गेली. विठ्ठलने तिचं नाव सांगितलं, मला ते नीट उच्चारता येत नाही. हे मात्र ते नाव ऐकून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मी कंपनी चालवत नाही आणि सरकारही चालवत नाही. भत्ता मी ठरवलेला नाही. हे सगळं मी स्वतःला सांगून झालं. तरी ते ताडपत्री टाकलेलं मशीन माझ्या घरात येऊन उभं राहिल्यासारखं झालं.

आठ दिवस हे त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटत होतं, बोलतील, भांडतील, मला दोष देतील. तसं केलं असतं तर मी उलट बोलले असते आणि हे इथेच राहिले असते. ते नुसते जीपमध्ये बसून जायचे आणि यायचे. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, "परत जायचं असेल तर जा."

ते म्हणाले, "तुला शब्द दिलाय."

"मी परत देते."

"भत्ता जाईल."

"माझा पगार आहे. फ्रिजचे हप्ते फिटलेत."

तरी ते माझ्याकडे बघत राहिले, मी रागाने बोलतेय का हे बघत होते. रागानेच बोलत होते. पण राग असला म्हणजे माणूस खोटंच बोलतो असं नाही. एवढं सांगून मी भाजी चिरायला घेतली.

कंपनीने बदली आठ दिवसांत केली. डोंगरातून समुद्रावर यायला ह्यांना सात महिने लागले होते. उलट्या दिशेला रांगच नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि मोरीतून आवाज आला. दाढी करताना हे गुणगुणत होते. ताई, वर्षभर मी त्या आवाजाची वाट बघितली. तो जाण्याच्या दिवशी आला. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. अशी चीड आली की डबा उचलून खाडीत फेकावा. त्या डोंगरांना मी कधी बघितलं नाही, त्यांनी माझं काही वाईट केलं नाही, पण सवत असती तर तिच्याशी निदान दोन शब्द भांडता आलं असतं.

गुवाहाटीची गाडी कल्याणला थांबते, म्हणून आम्ही दोघी कल्याणपर्यंत गेलो. मृणालने त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवलेली. हे खिडकीत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मे महिन्यात तुझी शाळा बंद असते ना? येतेस?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही कधी म्हटलं नव्हतं, ते वेगळं. मला वाटायचं त्यांनी विचारावं, त्यांना वाटायचं मला तिकडचं काही नको.

मी म्हटलं, "राहायला जागा आहे?"

"नाही. तिघांत मिळून एक खोली असते."

"मग आधी जागा बघा आणि मग विचारा."

गाडी सुटली. मृणाल रडली. मी रडले नाही, पण रिक्षावाल्याला पत्ता चुकीचा सांगितला.

भावजी ह्यांना वेडा म्हणाले असतील. म्हणू दे. पण ह्या वेळी तू हसू नकोस.

तुझी मालू


डोंबिवली
२४ एप्रिल १९९४

ताई,

जागा मिळाली. दोन खोल्या आहेत, पत्र्याच्या, मागे केळीची झाडं आहेत म्हणे. वर डोंगरात जायला परवाना लागतो, तो आम्हा दोघींचा काढलाय. सामानाच्या फेरीत जागा रिकामी असेल त्या दिवशी त्या गावात घेऊन जाईन म्हणतात. मृणालने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय.

परीक्षेचे पेपर तपासून झाले की आम्ही निघू. घराची किल्ली तुझ्याकडे ठेवून जाते. अधूनमधून येऊन कुंडीला पाणी घाल आणि फ्रिजमधलं काही राहिलं असेल तर घेऊन जा. चार दिवस राहा हवं तर, भावजींनाही आण. खाडीवरून वारा चांगला येतो.

तू विचारलंस, एवढ्या लांब कशाला जातेस, जून लागला की परतच यायचं ना? हो, यायचंच. शाळा आहे. पुढच्या वर्षी काय करायचं ते आम्ही ठरवलेलं नाही आणि भांडण तर व्हायचंच आहे. पण ज्याच्यासाठी हा माणूस दीडपट पगार सोडून गेला आणि जाताना गुणगुणला, ते काय आहे ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तसं काही नसलं तर ह्यांचं काही खरं नाही, तिथल्या तिथे हाताला धरून परत आणते.

आणि खरंच असलं तर काय करायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.

मालू